बुधवारचा आजार

अमावास्या टाळून आईने शिरीषच्या आजारासाठी बुधवार निवडला होता.

स्वादुपिंडाचा तीव्र, प्रसंगी जीवघेणा दाह न कळवता येतो, आणि त्यावरचे नवे औषध मात्र आधीच रक्तात असावे लागते. म्हणून पित्ताशयातल्या खड्यांमुळे ज्यांना हा धोका आहे त्यांना आधी औषध द्यायचे आणि मग दाह मुद्दाम सुरू करायचा, अशी पद्धत मंजूर झाली होती. एकदा येऊन गेलेला दाह पुन्हा येत नाही, हे डॉ. वैजयंतीच्या उंदरांवर सिद्ध झाले होते. नावनोंदणीला रीघ लागली होती. माणसांच्या पहिल्या तुकडीत तिने शिरीषला, आपल्या धाकट्या भावाला, जागा मिळवून दिली होती.

औषध केव्हाच देऊन झाले होते. परिचारिकेने दाह सुरू करणारी सुईही टोचली आणि ती निघून गेली. वैजयंती खाटेशेजारी बसली होती.

“ताई, तुझे उंदीर सगळे वाचले ना?”

“सगळे.”

“मग मी तर त्यांच्याहून धट्टाकट्टा.” शिरीष हसला. “आणि ज्यांना औषध दिलंच नव्हतंस, ते बिचारे गेले असतील.”

औषध न दिलेल्या उंदरांचा पिंजरा वैजयंतीला आठवला. त्यातले उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसले होते, आणि दोन दिवसांनी आपसूक दाणे खाऊ लागले होते. उंदरांचा दाह मुळातच सौम्य होता. औषध दिलेले लवकर सावरले, एवढेच तिने मोजले होते; जीवघेण्या दाहातून औषध वाचवते का, हे नाही.

“नाही,” ती म्हणाली. “तेही वाचले.”

“मग तर उत्तमच,” शिरीष म्हणाला, आणि त्याचा हात सावकाश पोटाकडे गेला.