नऊ मिनिटं

बाबा शहर बससेवेत वेळापत्रकं आखायचे. नव्या रेल्वे स्टेशनला जोडलेली बस हे त्यांचं शेवटचं काम. ते गेल्यावर महिन्याभराने आईला घेऊन मी पहिल्यांदाच त्या स्टेशनवर उतरले. तिचे गुडघे आखडलेले, जिना लांबलचक, ही बस चुकली तर पुढची थेट तासाने. "आई, चल ना, चुकेल!" मी तिचा हात ओढला. "नाही चुकत," कठड्याला धरून ती म्हणाली. "स्टेशन उघडायच्या आधी तुझ्या बाबांनी मला इथून तीनदा चालवलंय. स्वतः मागे घड्याळ घेऊन. साहेब म्हणाले, गाडी आल्यावर बस सुटायला चार मिनिटं पुरेत. हे म्हणाले, माझ्या बायकोला नऊ लागतात, नऊच धरा." आम्ही पोचलो तेव्हा बस उभी होती. आमच्यामागून कुबड्या घेतलेले आजोबा चढले, मग दार लागलं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिसऱ्या खेपेला मी त्यांच्यावर फार चिडले होते गं."