खोलीत दुसरं कुणी

"खोलीत तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही ना?" लॅपटॉपच्या पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

"नाही," बबडी म्हणाली.

तिच्यासमोर, लॅपटॉपच्या बरोब्बर मागे, बाबा, आई आणि आत्या श्वास रोखून उभे होते.

आता यात कुणाचा फसवण्याचा हेतू नव्हता. कॉलेजची सूचना घरात सगळ्यांनी मिळून वाचली होती. दुसरं कुणी नको म्हणजे परकं कुणी नको, असा बाबांनी अर्थ लावला आणि तो सगळ्यांना पटला. बबडीला पटला का, हे विचारायचं राहून गेलं. बारावीला पोचली तरी घरात तिचं नाव बबडीच होतं, आणि बबडीला कुणी काही विचारत नाही.

मुलाखतीला बसवली होती ती बाबांच्या चष्म्याच्या दुकानामागच्या डोळे तपासायच्या खोलीत. तिथे उजेड चांगला होता, इंटरनेटही बरं चालायचं. कॉलेज रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर होतं. नाव मोठं, म्हणून बाबा वसतिगृहाला कसेबसे तयार झाले होते. अर्ज केलेली बाकीची सगळी कॉलेजं घरून डबा नेण्याइतकी जवळ. ही मुलाखत हुकली की सकाळी कॉलेज, दुपारी जेवायला घरी आणि संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर, आत्याच्या नजरेसमोर. त्या विचाराने बबडीला कित्येक दिवस घास गिळवत नव्हता.

"तुम्हाला आमच्याकडेच का यायचंय?" बाईंनी विचारलं.

बाबांनी पुठ्ठा वर धरला. त्यावर उत्तर लिहिलेलं होतं, तेही डोळे तपासायच्या तक्त्यासारखं. पहिली ओळ भली मोठी, मग उतरत उतरत शेवटची मुंगीएवढी. हाताची सवय, दुसरं काय!

"मला लोकांच्या दृष्टीची सेवा करायची आहे," बबडीने पहिली ओळ वाचली. "लहानपणापासून मला भिंगांची आवड आहे." तिसऱ्या ओळीला तिने डोळे बारीक केले. "आणि शिकून मला... वडिलांचं..." ती पुढे वाकली. बाबांनी सवयीने विचारलंच असतं, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं? आईने वेळीच त्यांचा दंड धरला.

बाईंनी तिच्या नजरेचा रोख पाहिला. मग म्हणाल्या, "लॅपटॉप उचला आणि मला सगळी खोली दाखवा. सावकाश."

बबडीने लॅपटॉप उचलून पडदा बाहेरच्या बाजूला वळवला. तिघंही चवड्यांवर पळत तिच्या पाठीमागे गेली. ती जशी फिरेल तशी ही तिघंही फिरू लागली. पुढे बबडी, मागे बाबा, त्यांच्या मागे आई आणि शेवटी चपला हातात घेतलेली आत्या. फ्रेमचं कपाट झालं, हात धुवायचं बेसिन झालं, दार झालं. राहिली समोरची भिंत.

त्या भिंतीवर आरसा होता. खोली लहान, म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे लावायचा आणि पेशंटने तो समोरच्या आरशात वाचायचा, ही चष्मेवाल्यांची नेहमीची सोय. इतकी वर्षं बाबा त्या आरशात अक्षरंच बघत आले होते. त्यात माणसंही दिसतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आरशात चौघंही दिसली. पुठ्ठ्यासकट.

"हे कोण?" बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली.

"बाबा," बबडी म्हणाली. "आई. आणि आत्या."

"नमस्कार, मॅडम," बाबा आरशाकडे बघून म्हणाले.

"नियमाने ही मुलाखत मी इथेच बंद करायला हवी," बाई बबडीला म्हणाल्या. "पण एकदाच परत विचारते. त्यांना बाहेर जायला सांगा. तुम्ही सांगा."

असं तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती अंघोळीला गेली तरी आई दाराबाहेर उभी राहून बोलत असायची.

"बाबा, बाहेर जा ना."

"अगं, पण तुला काही अडलं तर?"

"जा ना, बाबा." तिचा आवाज रडवेला झाला.

"आम्ही काय परके आहोत का?" आत्या पुटपुटली, पण निघाली. आईने जाता जाता बबडीची कॉलर सारखी केली. बाबांनी पुठ्ठा तिला नीट दिसेल असा कपाटाला टेकवून ठेवला, आणि दार ओढून घेतलं.

बबडी लॅपटॉप जागेवर ठेवून खुर्चीत बसली. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं तिला वाटलं.

"हं. का यायचंय आमच्याकडे?"

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही.

"तुमच्या वसतिगृहाच्या खोलीचा फोटो पाहिला मी," ती अगदी हळू म्हणाली. "दाराला आतून कडी आहे. मला कडी लावून एकटीने बसायचंय. अभ्यास काय, तो मी कुठेही करीन."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात दाराची फळी करकरली. पलीकडून कुणीतरी कान लावून टेकलं होतं. मग बाबांचा काळजीने भरलेला आवाज आला.

"बबडे, जरा मोठ्यानं बोल ना गं. आम्हाला इथे काहीच ऐकू येत नाहीये."