एकटाच होतो

"काल आरतीच्या वेळेला तू कुठे होतास, शैलू?" विजयाकाकूंनी पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना काकू. रामघाटावर."

"कोणाबरोबर?"

"एकटाच होतो."

काकूंच्या हॉलमध्ये मोहल्ला समितीची पंधरा-वीस माणसं बसली होती. एकानंही मान वर केली नाही. काल आरतीच्याच वेळेला माधव नगरात अहल्यामावशींच्या गळ्यातली चेन गेली होती. बाइकवर दोघं, तोंडाला रुमाल. मागचा अगदी शैलेंद्रच्या अंगकाठीचा होता, असं मावशी म्हणत होत्या. घाटावर याला पाहिलं म्हणणारं कोणी नव्हतं; आरतीच्या गर्दीत कोण कुणाला बघतं! आणि दोन वर्षांपूर्वी मोबाइल हिसकावताना शैलेंद्र पकडला गेला होता. बस्स, एवढं पुरे होतं. बाहेर पोलीस ठाण्याची गाडी उभी होती.

समितीची एक रीत होती, काकूंनीच घालून दिलेली. आपल्या पोरावर कोणी बोट दाखवलं तर पोलिसांच्या आधी आपण विचारायचं. एकानं जरी त्याच्या बाजूनं उभं राहून शब्द दिला, तर ठाणेदार ऐकून घेत. कोणीच उठलं नाही, तर पोरानं गुमान गाडीत बसायचं.

"आहे का कोणी?" काकूंनी विचारलं.

रुचिर भिंतीला टेकून बसला होता. शैलेंद्र घाटावर होता हे त्याला माहीत होतं. साऱ्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

पण बोलणं जिवावर आलं होतं. का नाही येणार? नानाखेड्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी भटक्या पोरांना कबड्डी शिकवायची, त्यांना टोळक्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, ही कल्पना कोणाची? रुचिरची. नगर निगमात चकरा कोणी मारल्या? रुचिरनं. घरोघर जाऊन आयांच्या विनवण्या कोणी केल्या? त्यानंच. आणि मग काकूंनी बालसुधारगृहातून सुटलेल्या या शैलूला आणून उभं केलं. महिन्याभरात पोरं त्याच्या मागे! रुचिरदादा शिट्टी वाजवून वाजवून दमायचा, आणि शैलूदादानं नुसतं "चलो रे" म्हटलं की सगळी रांगेत. पोह्यांची पहिली प्लेट, वर मूठभर सेव, तीही शैलूला. "शैलूला विचारा." "शैलू काय म्हणतो बघा." गेल्या आठवड्यात तर काकूंनी त्याला कबड्डी पथकाचा कप्तान केलं, रुचिरच्या गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली. रुचिरनं टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन आईवर उगाच खेकसला. जळत होता, दुसरं काय! यानं परत एखादी चोरी केली तर बरं होईल, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

म्हणूनच तर तो काल शैलेंद्रच्या मागे गेला होता. कबड्डी संपल्यावर हा रोज जातो कुठे? जुन्या टोळक्याकडे, दुसरीकडे कुठे! एक फोटो काढू, काकूंच्या पुढ्यात टाकू, मग बघू कोण कप्तान. शैलेंद्र पुढे सायकलवर आणि हा मागे स्कूटीवर, असे आरती सुरू होता होता रामघाटापर्यंत आले.

घाटावर टोळकं होतंही. त्यांनी शैलेंद्रला हाक मारली. रुचिरनं घाईघाईनं फोटो काढला. पण शैलेंद्रनं लांबूनच हात जोडले आणि पुढे जाऊन पायऱ्यांवर बसला. आरती संपेपर्यंत पाण्यात पाय सोडून बसून होता. बेटा वाईटही वागेना! रुचिर चरफडत घरी गेला.

आता तर काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. गाडी जाईल, पथक परत आपल्याकडे येईल, पोरं काय, चार दिवसांत विसरतील. आणि उठलोच, तर पहिला प्रश्न येणार, तू तिथे काय करत होतास? चारचौघांत काय सांगायचं, चोरासारखा याच्या मागे मागे फिरत होतो म्हणून? शी!

"ठीक आहे, काकू," शैलेंद्र म्हणाला. दाराकडे जाता जाता तो रुचिरपाशी थांबला. गळ्यातली शिट्टी काढून त्यानं त्याच्या हातात दिली. "संध्याकाळी पोरं येतील. त्यांना वापस पाठवू नकोस यार. खेळव."

हवी होती ती शिट्टी आयती हातात आली होती, आणि रुचिरला ती धरवेना.

"मी होतो," तो उठत म्हणाला. "मी याच्या मागे होतो, काकू. नानाखेड्यापासून आरती संपेपर्यंत. हा घाटावरच होता. फोटो आहे माझ्याकडे."

"तू? तू कशाला गेला होतास?"

"याला पकडायला. तुम्ही सगळे याचं कौतुक करता. मला बघवत नव्हतं."

कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं. साऱ्या माना रुचिरकडे वळल्या. त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. काकूंनी त्याच्याकडून मोबाइल घेतला आणि बाहेर गेल्या. ठाणेदारांनी फोटो पाहिला, त्यावरची वेळ पाहिली. गाडी गेली.

आत येऊन काकू शैलेंद्रवर उखडल्या. "आणि तू रे? हा मागे आहे, तुला कळलंच नाही?"

"कळलं की. पूर्ण रस्ताभर स्कूटी दिसत होती."

"मग 'एकटाच होतो, एकटाच होतो' काय लावलं होतंस? नाव घ्यायचं ना याचं! आत्ता गाडीत बसून गेला असतास, मूर्खा!"

शैलेंद्रनं खोलीभर पाहिलं. सगळे अजून रुचिरकडेच बघत होते.

"असं बघतात लोक, त्याची मला आदत आहे, काकू," तो म्हणाला. "त्याला नाहीये."