नकाराचा पट्टा

"माझ्या मनाला पटत नाही. मी गर्भपात करणार नाही," डॉ. मिराशी म्हणाले.

कुणी वाद घातला नाही. लतिका सिस्टरांनी कपाटातून, नकार देणाऱ्या डॉक्टरने कायद्याप्रमाणे बांधायचा पट्टा काढला आणि त्यांच्या मनगटावर बांधला. जोडीचा पट्टा खाटेवरच्या यमुना वळवीच्या हातावर होताच. तिचा गर्भ वाचणार नव्हता आणि कळा थांबत नव्हत्या. दुसरे डॉक्टर नर्मदेतून बोटीने निघाले होते. ते पोचेपर्यंत तिची प्रत्येक कळ पट्ट्यातून मिराशींनाही सोसायची होती.

सकाळपासून ते तिला "थोडं सहन करा" म्हणत होते. आता पहिल्याच कळेला ते खुर्चीवरून खाली घसरले.

"आता तरी करता का, सर?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही." घामाने त्यांचा शर्ट भिजला होता. "पण पट्टाही काढू नका."

यमुना कुशीवर वळली. पुढची कळ यायच्या आत तिने हात लांबवून त्यांचा हात घट्ट धरला.

"येईल बोट," ती म्हणाली. "थोडं सहन करा, डॉक्टर."