बेटावरची मोजणी

दसरा झाला की कालवं खाणारे लाल चोचीचे पक्षी खाडीतल्या बेटावर उतरत. कालवं काढायला गेलेल्या मथुरानं त्या वर्षी दोनशे मोजले आणि शहरातल्या पक्षीतज्ज्ञ बाईंना हौसेनं फोन केला. बाई आल्या, बातमी छापून आली, त्यात मथुराचंही नाव होतं.

पुढच्या वर्षी बेट पक्ष्यांसाठी राखीव झालं. कालवं काढायला बंदी आली.

“तुझ्या एका फोननं आमच्या पोटावर पाय आला,” जाऊ म्हणाली, आणि कोळीवाड्यातल्या बायकांनी मथुराशी बोलणं टाकलं.

दसऱ्यानंतर बाईंचाच फोन आला. “मथुराताई, यंदा किती पक्षी आलेत? तुमच्याइतकं नेमकं कोणी मोजत नाही.”

मथुरा किनाऱ्यावर उभी होती. समोरचं बेट पक्ष्यांनी भरलं होतं.

“एकही आला नाही,” तिनं सांगितलं.