जास्वंदीवरचा मावा

"हा मावा," येसाजीनं बाजेवर पडल्यापडल्याच सांगितलं. बायकोनं, जयवंतानं, पुढं केलेलं पान त्यानं उलटं केलं. खाली बारीक हिरव्या किड्यांची दाटी होती. "मुंगळे चढतात का झाडावर?"

"रांगच लागलीय."

"मग मावाच. कवाची हाय जास्वंद?"

"तुमी माथेरानला होता तवाची. परसात लावली, न्हाणीच्या पाण्यावर."

माथेरानला एका पारशाच्या बंगल्यावर येसाजीनं वीस वर्षं माळीकाम केलं. आषाढात खोकल्यानं छाती धरली, तेव्हा त्याला डोलीत घालून खाली आणि मग गाडीनं कळंबला घरी आणलं. कर्जतच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. चिलीम सोडा आणि उठून चार पावलं चाला, तर दिवाळी बघाल. येसाजीनं दोन्ही ऐकल्या आणि परतीच्या वाटेवर गाडीतच चिलीम भरली. तेव्हापासून ओटीवरची बाज हाच त्याचा मुलूख. तिथून रस्ता दिसे, शेजारच्या अंगणाचं कुंपण दिसे. पण तो बहुतेक भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"राख टाकू का पानांवर?" जयवंतानं विचारलं.

"राख टाकू म्हणे! भांडी घासतेस का? रॉकेल आन् साबण मार."

"लढाई चाललीय. रॉकेल दिव्याला मिळत नाय, किड्याला कुठलं?"

येसाजी जरा वेळ खोकला. मग म्हणाला, "तंबाखूचं पाणी. मूठभर तंबाखू रातभर भिजत घालायची."

जयवंता नुसती त्याच्या कमरेच्या चंचीकडं बघत राहिली.

"अगं, माझी?"

"ऱ्हाऊ द्या. मरंल तर मरंल. झाडच हाय."

हे माळ्याला ऐकवेना. चंची सुटली. "पानाच्या खालून मार. मावा पोटाशी बसतो."

मग ते रोजचंच झालं. काड्यापेटीही मिळत नव्हती, म्हणून जयवंता सकाळी शेजारच्या सोनाबाईकडून खापरीत विस्तव आणायची, चूल पेटवायची आणि एक पान घेऊन बाजेशी उभी राहायची. येसाजी तिची वाट बघे, पण तसं दाखवत नसे. कापसासारखं पांढरं दिसलं की, "पिठ्या ढेकूण." पान कुरतडलेलं असलं की, "अळी. ही हातानं वेच, आळशे." तरी त्यानं तंबाखूची मूठ द्यायचीच. दिवसाच्या चार चिलमींच्या दोन झाल्या, दोनाची एक. खोकलाही कंटाळल्यासारखा झाला.

नवरात्राच्या तोंडावर तिनं आणलेलं पान स्वच्छ निघालं. येसाजीनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं. मग चंची झटकली. रिकामी.

"फुललीय का?"

"लई."

येसाजीनं पाय खाली सोडले. खांब धरून उभा राहिला. "चल, बघू दे."

जयवंता गडबडीनं पुढं झाली. "आज नको, ऊन हाय. उद्या जाऊ."

"डॉक्टरनं चार पावलं सांगितलीत. मोज."

ती धावत जाऊन परसाकडच्या दारात आडवी उभी राहिली. पण येसाजी घरात वळलाच नाही. काठी टेकत तो ओटीच्या पायऱ्या उतरला, कुंपणाचं कवाड सरकवून सोनाबाईच्या अंगणात शिरला आणि तिथं लालभडक फुललेल्या जास्वंदीच्या पानांखाली त्यानं माळ्याचा हात फिरवला.

"सोनावयनी," त्यानं हाक दिली, "हिची एक फांदी न्यू का? आमच्या परसात जास्वंद नाय."