बापाच्या मापाची खुर्ची

समोरच्या दुकानात भाची पुन्हा एका गिऱ्हाइकाचा गुडघा मोजत होती. ते बघून मामांच्या हातातला रंधा थांबला.

गिऱ्हाइकाला खोक्यावर बसवायचं, टाचेपासून गुडघ्याच्या खाचेपर्यंत सुतळी ताणायची आणि गाठ मारायची. "खुर्ची करतेय की पायजमा शिवतेय?" मामा पुटपुटले. त्यांच्याकडे मापाची काठी एकच, वडिलांनी कापून दिलेली. त्याच काठीवर सगळ्या गावाच्या खुर्च्या झाल्या होत्या. शाळेच्या, दवाखान्याच्या, न्हाव्याच्यासुद्धा. कधी कुणाची तक्रार नाही. तक्रार करून जाणार कुठे म्हणा! खुर्च्यांचं दुकानच एक होतं.

आता दोन झाली होती. दुसरं काढलं ते सख्ख्या बहिणीच्या मुलीने, मामांकडेच रंधा धरायला शिकलेल्या. तेव्हापासून मामांच्या तयार खुर्च्या नुसत्या धूळ खात होत्या.

बाजाराचा नियम जुना होता. एका धंद्याचं दुसरं दुकान चालवायचं, तर पहिल्याची हरकत नको. त्यासाठी संध्याकाळी मुकादम विचारायला येणार होता. मामांनी नुसतं 'नको' म्हटलं की समोर कुलूप.

"म्हणा की मग नको," मामी गल्ल्यामागून म्हणाल्या. त्या नेहमीप्रमाणे पायाखाली वीट घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. फरशी गार लागत असेल, असं मामा इतकी वर्षं समजत आले होते. विचारलं कधीच नव्हतं. "पण आधी ती करते तरी काय, ते जाऊन बघा एकदाचं. दाराआडून डोकावून मान अवघडेल तुमची."

मामांना राग आला, कारण खरंच होतं ते. रंधा ठेवून त्यांनी रस्ता ओलांडला.

त्यांना बघताच भाचीचा चेहरा उतरला. मुकादमाचं तिलाही कळलं होतं. "कुलूप स्वतःच घेऊन आलात का मामा?"

"बसायला आलोय. खुर्ची आहे ना दुकानात?"

तिने पायाने खोकं पुढे सरकवलं. "आधी खोक्यावर."

आणि मामा चक्क बसले. भाचीने सुतळी ताणली, गाठ मारली, ओळीने मांडलेल्या खुर्च्यांना लावून बघितली आणि त्यातली एक ओढून आणली.

मामा तीत बसले आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. इकडे सरकून बघितलं, तिकडे सरकून बघितलं. मांडीखाली रोज काचणारी फळीची कड आज काचेना. त्यांनी खाली बघितलं. दोन्ही टाचा जमिनीवर!

"किती कमी केलंस?"

"तुमच्यासाठी चार बोटं. आजोबा असते तर तुमचीच काठी बरोबर होती. दारातून वाकून यायचे ना ते."

वडिलांनी ती काठी स्वतःच्या गुडघ्याला लावून कापली होती. मामांनी लहानपणी समोर बसून बघितलं होतं सगळं. पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर शाळा आली, दवाखाना आला, पाय लोंबकळत बसलेलं सगळं गाव आलं. लाज वाटली त्यांना.

"मला आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते की. तुम्ही म्हणालात, होते बसायची सवय."

म्हणाले होते खरे.

संध्याकाळी मुकादम आला, तेव्हा मामा दुकानासमोर उकिडवे बसून मामींच्या खुर्चीच्या शेवटच्या पायाला करवत लावत होते. शेजारी गाठ मारलेली सुतळी पडली होती.

"काय मामा, लावू का कुलूप?" मुकादमाने समोर बोट दाखवलं. भाची दारात उभी होती, सुतळी बोटाला गुंडाळत आणि सोडत.

"काही नको कुलूप," मामा म्हणाले. "उद्या तुमची खुर्ची घेऊन या. पाय कापून देतो. तिच्याकडे मात्र जायचं नाही हं, मी स्वस्तात देईन."

"मी फुकट कापते!" समोरून आवाज आला.

"बघितलंत? माझ्याकडेच शिकली, आणि माझ्याच मुळावर उठलीय!" मामा करवादले. पण हात थांबला नव्हता.

भुसा झटकून त्यांनी खुर्ची आत नेऊन ठेवली. "मला वाटायचं, फरशी गार लागते म्हणून वीट घेतेस," ते म्हणाले. मामी बसल्या. सवयीने वीट पायाखाली ओढली, तर गुडघेच वर आले. त्यांनी वीट बाजूला सारली आणि दोन्ही तळवे हळूच खाली टेकवले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "फरशी खरंच गार आहे की हो!"